नवसूभाऊंचं आयर्न सल्फाइड

नवसूभाऊ, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही म्हणून तुम्हालाच सांगते. तुमचं तेरावं होऊन चार दिवस झाले आणि मला हलकं वाटतंय. काल शाळेतून घरी येताना मी चक्क गुणगुणत होते. समोरून येणाऱ्या शेजारणीने विचारलं, "काय मॅडम, मुलाचं लग्न ठरलं की काय?" आता तिला काय सांगू? माणूस गेलाय म्हणून गाणं सुचतंय?

रडले नाही असं नाही हं. तुमच्या अंगणात तुमच्या बायकोच्या गळ्यात पडून रडले, नाक लाल होईस्तोवर. पण रडून झाल्यावर खाली जे उरलं ते सुटल्यासारखं होतं. तुम्ही बोललात, आणि जायच्या आधी बोललात. ते तसंच पोटात घेऊन गेला असतात तर मी रिटायर होईपर्यंत शहाण्यासारखी फळ्यासमोर उभी राहिले असते आणि मला कधी कळलंसुद्धा नसतं.

तुमची-माझी ओळखच मुळी माझ्या आरडाओरड्याने झाली. बावीस वर्षांपूर्वी मी देवरुखहून सिल्वासाला आले, मराठी शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून. तुम्ही प्रयोगशाळेचे शिपाई. रोज खानवेलच्या पलीकडून पहिली बस पकडून यायचात, आणि मी येईपर्यंत टेबलं पुसून, बाटल्या ओळीत लावून, दाराशी उभे. "गुड मॉर्निंग ने, मॅडम?" असं विचारायचात. गुड मॉर्निंग विचारायचं असतं हे मला तुमच्याकडून कळलं.

पहिल्याच वर्षी नववीला तो प्रयोग आला. लोखंडाचा कीस आणि गंधकाची पिवळी पूड एकत्र करायची. चुंबक फिरवलं की कीस वर, पूड खाली. दोघं एकत्र असले तरी वेगवेगळेच, म्हणून हे मिश्रण. मग तेच परीक्षानळीत घालून तापवायचं. नळीच्या बुडाशी लाल निखारा फुलतो, आणि दिवा बाजूला केला तरी तो आपणहून वर चढत जातो. हा संयोग. थंड झालं की नळी फोडायची, आत काळा खडा. आयर्न सल्फाइड. आता यात लोखंड आहे, पण लोखंडाचा गुण नाही. चुंबक लावा, चिकटत नाही. मुलांना मूलद्रव्य, मिश्रण आणि संयुग एका फटक्यात कळतं. माझा फार लाडका प्रयोग.

त्या दिवशी तपासणीचे साहेब मागच्या बाकावर बसले होते. मी नवी कोरी साडी नेसलेली. निखारा मस्त चढला, मुलांनी "ओऽऽ" केलं, साहेबांनी मान डोलावली. नळी फोडली, चुंबक जवळ नेलं, आणि तो खडा टुणकन उडी मारून चुंबकाला चिकटला. अख्खा वर्ग हसला. साहेबसुद्धा मिशीत हसले.

कारण मला माहीत असायला हवं होतं. कीस जाडा होता. नरोलीच्या वर्कशॉपमधला लेथचा चुरा होता तो, कारण ऑफिसकडून बारीक कीस मागवून चार महिने झाले तरी आला नव्हता, आणि तुम्ही आपले सायकलवर जाऊन ओळखीतून घेऊन आला होतात. कण मोठा असला की वरवर संयोग होतो, आत लोखंड कोरंच राहतं. वर गंधकाचा थोडा धूर होऊन जातो. मग उरलेलं लोखंड चिकटणार नाही तर काय करणार? इतकं सरळ. मुलांना सांगितलं असतं तर उलट जास्त शिकली असती. पण मी काय केलं? उचलली जीभ लावली टाळ्याला. गर्रकन वळले आणि चाळीस मुलांसमोर तुमच्यावर खेकसले. "हे काय भंगार उचलून आणलंत? मुलांसमोर शोभा करायची आहे माझी? पुन्हा हे चिकटलं ना, तर या लॅबमध्ये पाऊल टाकायचं नाही!"

तुम्ही म्हणालात, "हां मॅडम."

आणि त्यानंतर ते कधीच चिकटलं नाही. एकवीस वर्षं! दुसऱ्या शाळांच्या बायका ट्रेनिंगमध्ये भेटल्या की रडायच्या, आमचं चिकटतं, आमचं अर्धवट चिकटतं. मी मान उंच करून सांगायचे, "आमचं कधीच चिकटत नाही. हात पाहिजे हात." मेलं, काय तो माझा तोरा! नळी फुटून काच मुलांना लागू नये म्हणून मीच नियम केला होता की सगळ्या गटांच्या नळ्या नवसूभाऊंकडे द्यायच्या. तुम्ही त्या ट्रेमध्ये घेऊन कपाटामागच्या मोरीपाशी जायचात, ओल्या फडक्यात ठेचल्याचा आवाज यायचा, आणि पाच मिनिटांत पांढऱ्या टाइलवर काळे खडे हजर. मुलं चुंबक लावायची. चिकटत नाही. लिहा निरीक्षण.

मग मागच्या दिवाळीनंतर तुम्ही आजारी पडलात. पोटात पाणी साठायला लागलं, आणि शेवटी दवाखान्यातून सांगितलं की घरी घेऊन जा. मी मोसंब्यांची पिशवी घेऊन आले. तुम्ही खाटेवर भिंतीला टेकून बसला होतात, गालफडं बसलेली, डोळे मात्र तसेच मिश्किल. बायकोला चहाला आत पाठवलंत.

"मॅडम, एक बोलू ने? रागवू नका."

"बोला की."

"ते सल्फाइड नव्हतं."

"कुठलं?"

"टाइलवरचं. एकदाही नव्हतं. पाटी होती ती. बालवाडीच्या पोरांच्या फुटक्या पाट्या. ठेचायचो, दिव्याची काजळी चोळायचो. डबा भरून ठेवलाय, अजून पाच वर्षं पुरंल."

मी आधी हसले. मला वाटलं औषधाने बडबडताय. मग तुमचा चेहरा पाहिला.

"आणि मुलांच्या नळ्यांतलं?"

"ते मागं भिंतीकडं पुरायचो. चिकटायचं ने ते."

नवसूभाऊ, त्या दिवशी आजारी माणसावर मी जे तोंडसुख घेतलं त्याची मला लाज वाटते, पण तेव्हा नाही वाटली. "विज्ञानाचा तास आहे की जादूचा खेळ? एकवीस वर्षं मुलांनी पाटीची निरीक्षणं लिहिली! मला जगभर हात नाचवत फिरू दिलंत!" तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग शांतपणे म्हणालात, "तुम्ही बोलल्या ने, पुन्हा चिकटलं तर पाऊल टाकू नका. मंग मी नाय चिकटू दिलं."

यावर मी आणखी मोठ्याने ओरडले. तुम्ही हात वर केलात.

"पाटीचं मला काय नाय वाटत, मॅडम. पोरं पास झाली. त्या पोरीचं वाटते. मनीषाचं."

खोटं कशाला सांगू, मनीषा कोण हे मला आठवेना. तुम्हीच आठवण करून दिलीत. दहा वर्षांपूर्वीची नववी. शहाद्याकडून आलेल्या कामगाराची मुलगी, नरोलीच्या चाळीत राहणारी, दोन घट्ट वेण्यांची. तिला दम धरवत नव्हता. तुम्ही दुसऱ्या गटाचा ट्रे घेऊन आत गेलात तेवढ्यात तिने आपली नळी रुमालात गुंडाळून बाकावर आपटून फोडली, चुंबक लावलं, आणि वहीत लिहिलं, "तयार झालेला काळा पदार्थ चुंबकाला चिकटतो."

हळूहळू मला सगळं आठवलं. मी लाल पेनाने ते वाक्य खोडलं होतं. "सगळ्या वर्गाचं चिकटत नाही. पुस्तक खोटं, मी खोटी, तू तेवढी खरी?" ती म्हणाली, "पण मॅडम, चिकटलं." मी तिला उभं केलं आणि दहा वेळा लिहायला लावलं, "चिकटत नाही." मधल्या सुट्टीत ती लॅबमध्ये एकटी बसून लिहीत होती.

"मी बघत होतो," तुम्ही म्हणालात. "बोटाला काच लागलेली तिच्या. मी पट्टी बांधली. बोलायचं होतं. पण तवा माझी कायमची ऑर्डर निघायची होती, मॅडम. नाय बोललो."

मी उठले आणि निघाले. एवढंच नव्हे, मोसंब्यांची पिशवीसुद्धा उचलून घेऊन निघाले. माझ्या वयाच्या बाईने असं करावं? बस सिल्वासाला येईपर्यंत ती पिशवी माझ्या मांडीवर होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

आठ दिवस मी तुमच्याकडे फिरकले नाही. पहिल्या दिवशी लॅबमध्ये तुमचा डबा शोधला. खालच्या खणात, वर तुमच्या अक्षरात चिठ्ठी, "आयर्न सल्फाइड". एका खड्यावर आम्ल टाकलं. खरं सल्फाइड असतं तर सडक्या अंड्याच्या वासाने जीव नकोसा झाला असता. वास नाही, बुडबुडा नाही. आम्लाची ही परीक्षा मी त्या पहिल्याच वर्षी घेतली होती, पण मुख्याध्यापकांची खोली शेजारी, त्यांनी वासाची तक्रार केली म्हणून बंद केली. तुमचं नशीब बघा! मी स्टुलावर बसून राहिले. नंतर एकदम हसू फुटलं, ते थांबेचना. काजळी चोळायचात म्हणे! केवढा तो उद्योग, दरवर्षी, माझ्या एका वाक्यासाठी.

हसू ओसरलं तेव्हा मनीषा उरली. दुसरं सगळं तुमच्या माथी मारता आलं असतं, ते दहा वेळा लिहायला लावलेलं नाही. ते सगळं माझंच होतं. आणि मला भीती वाटली, खरी भीती. हुशार होती पोरगी. माझ्यामुळे तिने विज्ञान सोडलं असेल तर? कुठे पॅकिंगला उभी असेल तर? मी कुणाचं तरी आयुष्य लाल पेनाने खोडलंय का, हे मला कळल्याशिवाय झोप लागणार नव्हती.

माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर तासाभरात नंबर मिळाला. ती दादऱ्याला एका कारखान्यात होती. शिफ्ट सुटल्यावर वनगंगाच्या बागेत भेटू म्हणाली. तळ्याकाठच्या बाकावर मी अर्धा तास आधीच जाऊन बसले. ती आली, गळ्यात ओळखपत्र, वेण्या जाऊन पोनीटेल. "मॅडम! कशा आहात? एकदम बॉडी उतरली तुमची." आणि वाकून नमस्कार केला. मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय करतेस गं तिथे?" मी विचारलं.

"क्वालिटीत आहे. बीएस्सी केलं ना, केमिस्ट्रीत. प्लास्टिकचा दाणा येतो, त्यात लोखंडाचा कण राहिला तर मशीन बसतं. मग मी सॅम्पल घेऊन चुंबक फिरवते. चिकटलं तर चिकटलं लिहायचं. तिथे कोणी खोडत नाही."

माझा श्वास मोकळा झाला आणि त्याच क्षणी कान लाल झाले. तिला आठवत होतं. मी तिला सगळं सांगितलं. कीस, लेथचा चुरा, पाट्या, काजळी. ती तोंडावर हात ठेवून ऐकत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "लोखंड जास्त उरलं होतं, हे मला अकरावीला कळलं, मॅडम. पण बाकीच्यांचं का नाही चिकटलं ते नाही कळलं कधी. मला वाटायचं माझ्याच हातात काहीतरी खोट आहे. पप्पांच्या जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढून मी हाताला लावून बघायची. खरंच. महिनाभर."

चौदा वर्षांची पोर, नवसूभाऊ. हाताला चुंबक लावून बघत होती.

मला वाटलं आता ती म्हणेल, जाऊ द्या मॅडम, जुनी गोष्ट. सगळे तेच म्हणतात, आणि मग आपल्याला माफी मागितल्याचं पुण्यही मिळतं आणि मागावीही लागत नाही. मी म्हटलं, "मनीषा, मला तुझी माफी मागायची होती."

"मागा मॅडम," ती म्हणाली. "मला पाहिजे होती."

मग मी मागितली. नीट, शब्द न गाळता. तू बरोबर होतीस, मी चूक होते, आणि मी तुला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. तिने डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि म्हणाली, "हां. आता ठीक." मग लगेच, "काका कुठे असतात? मला भेटायचंय. पाटीचं डोकं कुणाचं, ते बघायचंय."

त्या रविवारी आम्ही दोघी आलो. तुम्ही तिला ओळखलंत आणि चादर डोक्यावरून ओढून घेतलीत. लहान मुलासारखी! तिने ती ओढून काढली. "काका, पाटी? सच्ची?" आणि जी हसायला लागली, की तुमची बायको चुलीपासून धावत आली. तुम्हीही हसलात, मग खोकलात, मग पुन्हा हसलात. "पोरी, दहा वेळा लिवलंस तू. मी बघत होतो," तुम्ही म्हणालात. ती म्हणाली, "पट्टी तुम्हीच बांधली होती ना? ते लक्षात आहे माझ्या. आता ते सोडा, पाटी अशी काळी कशी केली ते सांगा." आणि तुम्ही सांगितलंत, अगदी रंगात येऊन. दगडी पाटीच हवी, पत्र्याची चालत नाही. काजळी कोरडी चोळायची, तेल लागलं की मुलांची बोटं काळी होतात आणि मॅडमला कळतं. मी शेजारी बसून दातओठ खात ऐकत होते. बायको नंतर म्हणाली की दोन दिवसांनी पहिल्यांदा तुम्ही त्या दुपारी वाटीभर पेज प्यायलात.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते. तुमचं चुकलंच. पोरं पास झाली म्हणजे झालं, हे तुमचं म्हणणं मला शेवटपर्यंत पटलेलं नाही आणि पटणारही नाही. तुम्ही पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, कधीही मला बाजूला घेऊन सांगू शकला असतात. ऑर्डर निघाल्यावर तरी! यावर आपलं भांडण अर्धवट राहिलं, आणि तुम्ही असता तर मी ते आजही पुढे चालवलं असतं. तुम्ही "हां मॅडम" म्हणाला असतात आणि मला हवं तेच केलं नसतंत.

पण त्या रविवारी मी वेगळंच बोलायला आले होते. बसमध्ये मनात घोकत होते. नवसूभाऊ, पहिल्या वर्षी मी तुम्हाला सगळ्या वर्गासमोर बोलले, ते चूक होतं. तुम्ही स्वतःच्या सायकलवर जाऊन कीस आणलात आणि मी त्याला भंगार म्हटलं. तिथून सगळं सुरू झालं. एवढंच बोलायचं होतं. आणि मी काय बोलले? गोळ्या वेळेवर घेता का, पथ्य पाळता का, उशी उंच करू का. मनीषाला जे नीट सांगता आलं ते तुमच्यासमोर नाही जमलं. बावीस वर्षांची सवय, तुम्हाला कामं सांगायची. निघताना तुम्ही दारापर्यंत बघत होतात आणि म्हणालात, "मॅडम, मोसंबी ठेवली ने या टायमाला?" मी हसले आणि निघाले. चौथ्या दिवशी तुमच्या मुलाचा फोन आला.

आता कालचं सांगते. नववीला तो पाठ आला. तुमचा डबा मी उघडला नाही. वर्षानुवर्षं वापरतो तोच जाडा कीस घेतला, मिश्रण केलं, तापवलं, निखारा चढला, मुलांनी "ओऽऽ" केलं. नळी मीच फडक्यात ठेचली, इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच, आणि अंगठ्याला थोडं लागलंही. चुंबक लावलं. टुणकन चिकटलं.

पुढच्या बाकावरची मुलगी पुस्तक बघून म्हणाली, "मॅडम, इथे तर चिकटत नाही लिहिलंय."

"तुला काय दिसतंय?"

"चिकटलं."

"मग लिही, चिकटलं. आणि आता का चिकटलं ते शोधू."

वीस मिनिटं लागली, पण त्यांनीच शोधलं. कण मोठे, आत लोखंड राहिलं असणार. मग मी त्यांना तुमच्या पाट्यांची गोष्ट सांगितली. वर्ग एवढा हसला की मुख्याध्यापक दारात येऊन बघून गेले. हसणं थांबल्यावर त्याच मुलीने विचारलं, "मग मॅडम, चूक काकांची ना?"

"नाही," मी म्हटलं. "पहिली चूक माझी. मी त्यांना असंच इथे, सगळ्या वर्गासमोर ओरडले होते. त्यांची काही चूक नसताना. आणि त्यांची माफी मागायची राहूनच गेली."

मग मागच्या बाकावरून आवाज आला, "मग आता मागा ना मॅडम."

मागितली, नवसूभाऊ. चाळीस मुलांसमोर, तुमच्यावर खेकसले होते तेवढ्याच मोठ्या आवाजात.